आईकडून लेकीकडे

भनपुरीकडून वारा आला की आमच्या गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांना उकडलेल्या धानाचा वास लागतो. दिवाळी सरते, राइस मिलच्या हौदांतून वाफा निघू लागतात, आणि तो गोडसर, कोंदट, भिजलेल्या पोत्यासारखा वास रेल्वेलाइन ओलांडून आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, येऊन बसतो. इथे उकड्या तांदळाला उसना म्हणतात. माझी आई लग्न होऊन भंडाऱ्याकडून रायपूरला आली तेव्हा तिला वाटलं होतं, ही माणसं तांदूळ उसना मागून खातात की काय! हा विनोद ती दर हिवाळ्यात सांगायची. आता सांगत नाही.

मला हा हंगाम फार आवडायचा. रस्त्याच्या कडेला धानाच्या ट्रकांची रांग, ताडपत्रीखालून सांडलेले दाणे टिपणारी कबुतरं, संध्याकाळी शेतातून जळणाऱ्या पैऱ्याचा, म्हणजे तणसाचा, धूर. मी सरकारी प्राथमिक शाळेत शिकवते. या दिवसांत पोरं वर्गात केसांत कोंडा घेऊन येतात आणि कोणाच्या ना कोणाच्या डब्यात नव्या तांदळाच्या पिठाचा फरा असतो. "मॅडम, एक खाके देखो." वाफवलेला, मऊ, तिळाची फोडणी दिलेला. डबा झाकून पोरं माझ्या तोंडाकडे बघत राहतात. वर्ष सुरू होतं ते इथे जानेवारीत नाही, चैत्रातही नाही. ते या वासात सुरू होतं, असं मला वाटत आलं होतं.

आता वास आला की मी खिडक्या लावून घेते. यांची नोकरी रेल्वेत गार्डाची, आठवड्यातले निम्मे दिवस गाडीवर. घरी असले की स्वतःच उठून गच्चीवरचे कपडे आत आणतात.

आमची एकुलती एक मुलगी प्रज्ञा. तिला आणि निखिलला, आमच्या जावयाला, मुलगा झाला तो भादव्यात, रस्त्यारस्त्यांवर तीजाच्या सणाला माहेरी निघालेल्या बायांची गर्दी होती तेव्हा. सम्यक. काळाभोर, लांब बोटांचा, रडताना खालचा ओठ थरथरवणारा. माझी आई माझ्याजवळच राहते. तिनं त्याला मांडीवर घेतलं नाही, लांबूनच पाहिलं. प्रज्ञाला राग आला. मला आला नाही, कारण मला ठाऊक होतं. मी लहान असताना आईच्या मांडीवर दोन मुलगे येऊन गेले होते. त्यानंतर मुलगा दिसला की ती जरा मागेच सरायची.

प्रज्ञा-निखिलचा फ्लॅट नव्या रायपूरला. रुंद, धुतल्यासारखे रस्ते, मध्ये फुलझाडं, आणि माणूस मात्र एखादाच. बस कधी येईल ते बसलाच माहीत. शाळा सुटली की मी तिकडे जायची. खिडकीतून पुढे सरकारी इमारती आणि त्यांच्यामध्ये उरलेली जुनी गावं दिसायची. गावांभोवती कापणीला आलेलं पिवळंधमक धान. त्या पिवळ्या रंगाकडे पाहत मी नातवाकडे जात होते, आणि मला वाटत होतं, आयुष्यानं आपलं सगळं देणं दिलं.

दिवाळीच्या सुमारास त्याच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर आला. बाळांना येतोच. औषध लावलं, गेला, पुन्हा आला. मग खोकला. खोकल्याचं औषध संपायचं, खोकला संपायचा नाही. आणि डाव्या दंडावर, जन्मल्यावर लस टोचली होती तिथे, एक फोड आला तो वाळेचना. आपल्या सगळ्यांच्या दंडावर तो वाटोळा व्रण आहे. माझ्या वर्गातल्या प्रत्येक पोराच्या दंडावर आहे. सम्यकचा मात्र चिघळत गेला, मग काखेत गाठ आली, गाठीतून पू. वजन वाढायचं थांबलं. निखिल एका दवाखान्यातून दुसऱ्यात नेत होता, आणि परत आला की माझ्याशी मराठीत सुरू करून हिंदीवर यायचा. "आई, ते म्हणाले... ठीक हो जाएगा बोले हैं."

शेवटी मोठ्या इस्पितळात एक डॉक्टरीण भेटली. वयानं प्रज्ञाएवढीच. तिनं बाळाच्या छातीचा एक्सरे उजेडावर धरला आणि बराच वेळ पाहत राहिली. मग जुने रक्ताचे अहवाल पुढे ओढले. त्या सगळ्यांत एकाच जातीच्या पांढऱ्या पेशी कमी होत्या, बाळाच्या मानानं फारच कमी. तिनं मान वर करून विचारलं, "माँ की तरफ़ से परिवार में कोई लड़का बचपन में गुज़रा है क्या? बिल्कुल छोटा?"

प्रज्ञा म्हणाली, "नहीं."

मी मागच्या खुर्चीवर बसले होते. मी म्हणाले, "हाँ. मेरे दो भाई."

प्रज्ञानं वळून माझ्याकडे पाहिलं. तिला हे ठाऊक नव्हतं असं नाही. पण आजीची ती दोन बाळं आमच्या घरात फक्त एक जुनं दुःख म्हणून होती. माँ की तरफ़, या शब्दांशी तिनं त्यांचा संबंध जोडला नव्हता. मीही त्या क्षणापर्यंत जोडला नव्हता. डॉक्टरिणीनं पेन खाली ठेवलं.

तपासणी बाहेरगावी गेली. उत्तर यायच्या आधीच तिनं आम्हाला समजावून सांगितलं, कारण उत्तर काय येणार हे तिला कळलं होतं. पुढे मी ते इतक्यांदा मनात घोळवलं की आता झोपेतही सांगू शकेन. रोगाशी लढणाऱ्या पेशी जन्मतः तयार नसतात. त्यांना रक्तातून निरोप येतात: वाढा, शिका, तयार व्हा. निरोप पकडायला पेशीच्या अंगावर ग्राहक, म्हणजे रिसेप्टर, असतात. निरनिराळ्या निरोपांचे ग्राहक निरनिराळे, पण त्यांतल्या बऱ्याच ग्राहकांत एक तुकडा सारखाच, सगळ्यांनी मिळून वापरलेला. तो तुकडा कसा घडवायचा हे एका जनुकात लिहिलेलं असतं. सम्यकच्या त्या जनुकात चूक होती. म्हणून निरोप येत होते, रोज येत होते, आणि पेशींपाशी ते घ्यायला काहीच नव्हतं. काही पेशी तयारच झाल्या नाहीत. ज्या झाल्या त्यांना काय करायचं ते कळलं नाही. लसीतले अशक्त केलेले जंतू, जे तुम्ही-आम्ही नकळत जिरवतो, तेच त्याच्या अंगात मोकळे फिरत होते.

"बच्चे का शरीर कमज़ोर नहीं है," ती म्हणाली. "उसको किसी ने बताया ही नहीं कि लड़ना है."

मी विचारलं, "ग़लती मतलब कितनी?"

"एक अक्षर की."

वह्या तपासताना वेलांटीसाठी, मात्रेसाठी मी आजवर कोणत्याच पोराला नापास केलेलं नाही. अर्धा गुणसुद्धा कापवत नाही मला. खाली दुरुस्त शब्द लिहून देते आणि पान उलटते. त्या दिवशी इस्पितळाच्या पायऱ्या उतरताना माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतं. एक अक्षर.

ते जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. बाईकडे दोन एक्स, त्यामुळे एकात चूक असली तरी दुसरं सांभाळून घेतं. तिला काहीच होत नाही, कधी कळतही नाही. पुरुषाकडे एकच. माझ्या आईला काही झालं नाही. मला काही झालं नाही. प्रज्ञा तर शाळेत असताना कबड्डी खेळायची, तिला साधी सर्दी व्हायची नाही. मला एकच मुलगी म्हणून लोक हळहळायचे. "एक पोट्टा असता तं," असं भंडाऱ्याच्या मावश्या माझ्या तोंडावर म्हणायच्या, आणि मलाही कधीकधी वाटायचं. नाणं दोन वेळा आईच्या विरुद्ध पडलं होतं, आणि माझ्या बाजूनं एकदा. मी तेवढ्यावर इतकी वर्षं सुखानं जगले.

उपाय होता. दुसऱ्याच्या निरोगी बोन मॅरोमधल्या पेशी बाळाच्या अंगात घालायच्या, म्हणजे निरोप ऐकणाऱ्या नव्या पेशी तिथे वाढतील. निखिलच्या पेशी अर्ध्या जुळत होत्या, तेवढ्यावर होऊ शकतं म्हणाले. पण आधी अंगातला जंतू आटोक्यात यायला हवा. मग दूरच्या शहरात जायचं. तोवर बाळाला सगळ्यांपासून जपायचं.

त्या फ्लॅटमध्ये मग वेगळंच जगणं सुरू झालं. भांडी उकळायची. पाणी उकळायचं. निखिल ऑफिसमधून आला की सरळ आंघोळीला. मी बसमधून उतरून गेले की कपडे बदलायची, कोपरापर्यंत हात धुवायची, तोंडाला मास्क लावायची आणि मगच त्याच्या खोलीत. सम्यकनं माझे डोळे तेवढे पाहिले. तो माझ्या डोळ्यांना ओळखायला लागला होता. मी भुवया वर केल्या की हसायचा. त्याचा मुका घ्यायचा नव्हता. प्रज्ञा त्याच्या तळपायाशी तोंड नेऊन तसंच थांबवायची, आणि दूर व्हायची. मी दुसरीकडे बघायची.

नव्या रायपूरच्या ज्या सुनसान रस्त्यांना मी नावं ठेवायची, त्यांचे आम्ही आता उपकार मानत होतो. कोणी येत नव्हतं. कोणी खोकत नव्हतं.

पौषाच्या पुनवेला मात्र छेरछेरा आला. धान घरात आल्याचा आनंद म्हणून छत्तीसगडची पोरं त्या दिवशी दारोदार जाऊन तांदूळ मागतात, आणि कोणी नाही म्हणत नाही. श्रीमंताचं पोरही मागतं. मला वाटलं होतं, इथे या इमारतींत कोण येतंय. पण सेक्टरांमध्ये उरलेल्या त्या गावातून पोरांचं टोळकं आलंच, कोणाच्या हातात टोपली, कोणाकडे सिमेंटची पिशवी कापून शिवलेली झोळी. खालून आरोळी आली, "छेरछेराऽऽ!" चौकीदारानं त्यांना अडवलं नव्हतं. त्याच्याही घरची दोन त्यात होती.

प्रज्ञा दचकून उठली. "आई, वर नको येऊ देऊ. प्लीज."

मी डबा घेऊन खाली गेले. मूठ मूठ तांदूळ प्रत्येकाच्या झोळीत घातला. नाक वाहत होतं एकाचं. एका पोरीच्या गालावर फोड होते, आणि मी, शाळेत अशा पोरांची नाकं पदरानं पुसणारी बाई, हात आखडून लांबूनच टाकत होते. त्या पोरीनं वर पाहिलं. दुसऱ्या मजल्याच्या बंद काचेआड प्रज्ञा सम्यकला घेऊन उभी होती.

"दाई," पोरगी आईला मारावी तशी हाक मारून म्हणाली, "लइका ला देखा ना." बाळ दाखव म्हणाली.

"बीमार है, बेटा."

"त हमन दूरिहा ले देखबो." लांबूनच बघू म्हणाली.

आणि मग ती सगळी जणं इमारतीच्या सावलीतून बाहेर उन्हात गेली, माना वर करून उभी राहिली आणि हात हलवू लागली, ओरडू लागली. वर सम्यकनं मान वळवली. पोरांचा एवढा आवाज त्यानं कधी ऐकला नव्हता. त्यानं काचेवर दोन्ही पंजे टेकवले आणि तो हसला. खालूनही दिसलं मला. त्याच्या उभ्या आयुष्यात त्याला भेटलेली मुलं म्हणजे तेवढीच.

तपासणीचं उत्तर आलं त्याच आठवड्यात. मी घरी येऊन आईजवळ बसले. मला तिला काहीतरी द्यायचं होतं. एवढ्या काळ्या दिवसांत एवढी एकच बरी गोष्ट माझ्या हातात आली होती आणि ती मी जपून घरी आणली होती.

माझी आजी, म्हणजे आईची सासू, पहिलं बाळ गेल्यावर म्हणाली होती, हिच्या दुधातच खोट आहे. दुसऱ्याला तिनं आईच्या छातीला लावूच दिलं नाही. शेळीचं दूध पाजलं. आई दारामागे उभी राहून पदर पिळायची. ते बाळही गेलं. मग आजी म्हणाली, दुधात नाही, हिच्यातच खोट आहे. बाबा काही बोलले नाहीत. आजी जाईपर्यंत ते रोज कुठल्या ना कुठल्या निमित्तानं आईच्या वाट्याला येत राहिलं.

मी म्हणाले, "आई, तुझं दूध चांगलं होतं. दुधाचा काही संबंध नव्हता. आता तपासणीतच निघालं."

"मंग काय होतं?"

मी सांगितलं. जमेल तितकं सोपं करून सांगितलं. पेशी, निरोप, एक अक्षर. बाईतून उतरतं, बाईला काही होत नाही. तुझ्याकडून मला, माझ्याकडून प्रज्ञाला. कोणाची चूक नाही. डॉक्टरिणीनं चारदा सांगितलं, किसी की ग़लती नहीं.

आई ऐकत होती. तिच्या हातात लसूण होता, सोलायचा थांबला होता.

"माह्याकडून गेलं म्हंते तू."

"हो, पण तुझी काही..."

"म्हंजे बुढी खरंच बोलत होती वं," आई म्हणाली. "मी जिंदगीभर म्हटलं, खोटं बोलून राहिली. मनातल्या मनात तिले शिव्या घातल्या. अन् तिले मशीन नसून समजलं होतं."

"आई, तसं नाही."

"कसं मंग?"

 इस्पितळात जे ऐकताना दिलासा वाटला होता, तेच शब्द आईच्या कानांपर्यंत जाईतो आजीचे झाले होते. तिनं लसूण पुन्हा सोलायला घेतला. तेव्हापासून तो तांदळाचा विनोद तिनं सांगितला नाही.

सम्यक फाल्गुनाच्या तोंडावर गेला. बोन मॅरोसाठी जायची तिकिटं निखिलनं काढली होती, पण ताप उतरेचना, आणि छातीत पाणी भरलं. दुपार होती. इस्पितळाच्या खिडकीतून ऊन थेट त्याच्या पायांवर आलं होतं आणि प्रज्ञा परिचारिकेला विचारत होती, पडदा ओढू का, त्याला गरम होत असेल. तेवढ्यात परिचारिकेनं डॉक्टरिणीला हाक मारली. नंतर प्रज्ञानं तोंडावरचा मास्क काढला आणि त्याच्या गालाचा, कपाळाचा, तळपायांचा मुका घेतला. कोणी तिला अडवलं नाही. मग तिनं त्याला माझ्याकडे दिलं. "आता घे," म्हणाली.

एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत. यांनी आणि निखिलनं माती दिली. वंदना म्हणताना यांचा आवाज फुटला, निखिलनं ती पुढे नेली. त्याला मराठी बोलायला अवघड जातं, पण पाली सगळं पाठ होतं. परतताना आमची गाडी धानाच्या ट्रकांत अडकली. एक ड्रायव्हर ट्रकच्या सावलीत स्टोव्ह मांडून भात शिजवत होता. झाकण हलत होतं, वाफ येत होती. आम्ही चौघंही त्या वाफेकडे बघत राहिलो, कारण दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं.

गेल्या वर्षी प्रज्ञाला पुन्हा दिवस गेले. या वेळी आम्ही शहाणे होतो. लवकरच दूरच्या शहरात जाऊन वारेचा एक कण तपासायला दिला. डॉक्टर म्हणाले होते, मुलगा असला तरी वाचण्याची शक्यताही अर्धी आहे. त्या दिवसांत मी कशाचीच प्रार्थना केली नाही. पोरांना पाढे म्हणायला लावायची आणि खिडकीबाहेर बघत बसायची. निखिलचा फोन शाळेत असतानाच आला. "वही है, आई," म्हणाला. एवढंच. ती दोघं आठवड्यानं परतली. प्रज्ञा चालताना पोटावर हात धरून चालत होती, आत काही नसताना. आमच्या पाऱ्यात कोणाला कळलं नाही. सांगायचं तरी काय? जो आला नाही त्याला बसायला कोण येणार?

कोणी म्हणतं दत्तक घ्या. निखिल कधीतरी तो विषय काढतो. प्रज्ञा ऐकते, आणि ताट उचलून आत जाते. ती पूर्वीसारखी कामाला जाते, हसते, फोनवर बोलते. पण तिच्या त्या फ्लॅटमध्ये अजून पाणी उकळतात. तिघांपुरतं उकळतात. 

परवा रविवारी ती आमच्याकडे आली होती. पौषातलं ऊन, गच्चीवर सतरंजी, तिघी मिळून मटार सोलत होतो. वास होताच हवेत. पण गच्चीवर खिडक्या कुठून लावणार.  शेंगा फुटल्याचे आवाज तेवढे.

मग आई म्हणाली, "पोट्टी झाली तं वाचते न वं?"

प्रज्ञा म्हणाली, "वाचते, आजी. पण तिच्यातही असू शकतं. मग तिच्या मुलाचं हेच. तिलेही एक दिवस असंच बसवून सांगा लागन." शेंगेतले दाणे काढत म्हणाली, "मले नाही पाहिजे आता. माझ्याजवळ बंद होऊ दे."

आईनं मान हलवली. हातातली शेंग तिनं न फोडताच टोपलीत टाकली.

"माह्याजवळच बंद व्हाले पाहिजे होतं," ती म्हणाली.

"मग आई नसती, आजी. मीही नसते."

मला वाटलं, आता आई जीभ चावेल. काहून असं बोलतं वं, म्हणेल. नातीला जवळ ओढेल. पण तिनं खरोखरच विचार केला. ऊन डोळ्यांवर येत होतं म्हणून कपाळावर हात धरून तिनं प्रज्ञाकडे नीट पाहिलं.

"हव," तिनं होकार दिला.

प्रज्ञाही चिडली नाही. तिनं आजीच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि तितक्याच शांतपणे म्हणाली, "हव."

मी दोघींच्या मधोमध बसले होते.